अकरावं नाव

"त्यांना म्हणावं, कापूर आणायचा राहिला आहे," हेमलता म्हणाली.

बोलताना ती ज्येष्ठेच्या मुखवट्याकडे पाहत होती. 'त्यांना' म्हणजे तिचे थोरले दीर नीलकंठराव. ते तिच्यापासून चार हातांवर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी अनसूयेने रीतीप्रमाणे निरोप पोचवला.

"अहो, कापूर आणायचा राहिला आहे."

"आणतो," नीलकंठराव म्हणाले. तेही बायकोकडे बघूनच.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. हेमलतेचा थोरला मुलगा रत्नाकर बासष्टच्या लढाईत उत्तरेच्या बर्फात राहिला, तेव्हापासून ती दिराशी एक शब्द बोलली नव्हती. येणं मात्र तिने चुकवलं नव्हतं. वझलवारांच्या महालक्ष्म्या थोरल्या घरी, तोफांच्या फॅक्टरीच्या इस्टेटीतल्या ह्या क्वार्टरात बसायच्या. धाकटी जाऊ जबलपुरातल्याच गोरखपुर मोहल्ल्यातून सकाळी सकाळी रिक्षाने यायची, सोळा भाज्या निवडायची, पुरण वाटायची, आणि रात्रीची आरती झाली की परत जायची. देवाचं देवापाशी आणि माणसाचं माणसापाशी, असं तिने वेगवेगळं ठेवलं होतं.

अनसूयेला ते कधी जमलं नसतं. तिचं सगळं एकातच असे. चातुर्मासात ती एकभुक्त राहायची, आणि रोज तुळशीला पाणी घालताना घरातल्या एकेकाचं नाव मनात घ्यायची. त्यात रत्नाकरचं नाव अजून तसंच यायचं. ते काढायचं कसं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

"काय गं हेमे, देवीला काय डाकिया करून राहिलीस?" भिंतीशी वाती वळत बसलेल्या भानुमतीअक्का म्हणाल्या. त्या नीलकंठ आणि श्रीरंग ह्या दोघा भावांच्या मोठ्या बहीण. नवरा वारल्यावर नागपूर सोडून इथेच येऊन राहिल्या होत्या. "तो काय अडाणी आहे, की त्याला मराठी समजत नाही?"

"वन्सं, पुरण खाली लागतंय वाटतं," म्हणत हेमलता उठून स्वयंपाकघरात गेली.

अनसूया तिच्यामागे गेली. सोवळ्यात होती, त्यामुळे अंग चोरून उभी राहिली. पुरण काही लागलेलं नव्हतं. हेमलता उलथनं हातात धरून नुसती उभी होती.

"सोमवारी नावं देणार आहेत ना?" तिने विचारलं.

"हो म्हणे."

"शैलूचं नाव आहे?"

अनसूयेला ते ठाऊक नव्हतं. नीलकंठराव फॅक्टरीच्या फुटबॉल टीमचे कोच होते, आणि टीमची गोष्ट घरात करायची नाही, हा त्यांचा नियम होता. पण ह्या वेळची गोष्ट सगळ्या इस्टेटीला ठाऊक होती. सरहद्दीवर लढाईला तोंड लागलं होतं, फॅक्टरीचा भोंगा आता कोणत्याही वेळी वाजत होता, आणि रोजंदारीवर शेकडो पोरं आत घेतली होती. त्यातली टीममधली अकरा पोरं तेवढी कायम होणार होती. साहेबांनी नीलकंठरावांना बोलावून सांगितलं होतं, मास्टरजी, मॅच होवो न होवो, सोमवारी अकरा नावं द्या.

हेमलतेचा धाकटा, शैलेंद्र, रोजंदारीवर होता.

"कायम झाला तर त्याला कोणी लढाईवर नेणार नाही, ताई. फॅक्टरीचा माणूस सोडत नाहीत. आणि नाही झाला तर तो भरतीला जाणार. म्हणून राहिला, ओमतीच्या भरती-ऑफिसला रांग लागली आहे, मीपण जातो. दादा गेला तसा." हेमलतेचा आवाज अगदी खाली आला. "तुम्ही एक शब्द टाका ना."

"माझं ऐकतील असं वाटतं तुला?"

"तेव्हा टाकला असता तर ऐकलं असतं," हेमलता म्हणाली, आणि पुरण ढवळू लागली.

तेव्हा अनसूयेने शब्द टाकला नव्हता, हे खरंच होतं.

*

व्हरांड्यात नीलकंठराव पूजेच्या सुपाऱ्या फरशीवर मांडून बसले होते. पाच पुढे, मधे तीन, मागे दोन, आणि एक अगदी शेवटी. मधल्या तिघांत उजवीकडची जागा मात्र मोकळी होती.

"वहिनी रागावेल," श्रीरंग म्हणाला. तो धाकटा भाऊ. रेल्वेच्या कचेरीत कारकून होता, आणि आवाज चढवणं त्याला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

"रागावू दे. घरात बोलू नये, पण दहा ठरले, श्रीरंग. अकरावा ठरत नाही. म्हणजे ठरला आहे, पण..."

"कोण?"

"शालिग्राम. रांझीचा आहे, बाप फॅक्टरीत खलाशी, ओझी ओढतो. त्या पोराच्या पायात काही नाही रे, सगळं नजरेत आहे. चेंडू कुठं पडणार ते त्याला चेंडूच्या आधी कळतं."

श्रीरंगने एक सुपारी बोटाने फिरवली. बराच वेळ फिरवली.

"शैलू दोन वर्षं येऊन राहिला ग्राउंडवर," तो शेवटी म्हणाला.

"येतो ना. सगळ्यांच्या आधी येतो. जाळी बांधतो, चुना मारतो. चांगला मुलगा आहे."

चांगला मुलगा आहे, हे नीलकंठ कोणत्या खेळाडूबद्दल म्हणतो, ते श्रीरंगला पुरतं ठाऊक होतं. रत्नाकरबद्दल त्याने ते कधीच म्हटलं नव्हतं. रत्नाकर खेळायला लागला की नीलकंठ बोलायचंच विसरून जायचा.

नीलकंठरावांना भावाची ती गप्प नजर कळली. त्यांनी सुपाऱ्या गोळा केल्या. ते फॅक्टरीत फिटर म्हणून लागले होते, आणि तसे कागदोपत्री अजूनही फिटरच होते. पण जबलपुरात त्यांना कोणी फिटर म्हणून ओळखत नव्हतं. रांझीपासून गोरखपुरापर्यंत ते 'मास्टरजी' होते. त्यांच्या हाताखाली फॅक्टरीने ढाली जिंकल्या होत्या, त्यांची पोरं पुढे मोठमोठ्या क्लबांत गेली होती. एकदा कलकत्त्याच्या क्लबाने त्यांनाच बोलावलं होतं. गेले नाहीत. तेव्हा रत्नाकर दहा वर्षांचा होता आणि डाव्या पायाने मारायला नुकताच शिकत होता. स्वतःचं मूल नसलेल्या माणसाला तेवढं कारण पुरलं.

पाच वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, त्यांनी रत्नाकरला ग्राउंडच्या कडेला नेऊन सांगितलं होतं, की तुझं नाव मी देणार नाही. तू माझा आहेस. तुझं नाव दिलं तर बाकी दहांच्या खेळावर लोक थुंकतील. रत्नाकर हसला होता. "अच्छा, मोठेबाबा," एवढंच म्हणून, बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून, बूट गळ्यात अडकवून तो चालत निघून गेला होता. महिन्याभरात तो फौजेत होता. घरी कळलं ते तो गेल्यावर.

*

नैवेद्य झाला, सवाष्ण-ब्राह्मण उठले, घरच्यांची जेवणं झाली. दोघी महालक्ष्म्या भरजरी शालूत शांत उभ्या होत्या, वर फुलोऱ्याच्या करंज्या वाऱ्याने हलत होत्या. व्हरांड्यात चटईवर सगळे टेकले. शैलेंद्र तेवढा मागच्या अंगणात पंगतीच्या पट्ट्या अंथरत होता, कारण संध्याकाळी टीम जेवायला यायची होती. दर वर्षी यायची.

"नीळू, एक विचारू?" भानुमतीअक्का म्हणाल्या.

"नाही म्हटलं तर विचारणार नाहीस काय?"

"त्या पोराला काहून टांगून ठेवलं आहेस? सांगून मोकळा हो ना."

"अक्का, टीमची गोष्ट घरात नको."

"मग घरची गोष्ट टीममध्ये कर! कुठंतरी तर कर!"

श्रीरंग हसला, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळला.

"अक्का, सख्ख्याचं नाव कोचने देऊ नये. मी काय आज ठरवलं आहे हे? डॉसन सार्जंट..."

"आला! अमेरिकन आला! अनसूये, त्याचंही पान मांड गं. दर सणाला येतो बिचारा."

ह्या डॉसनची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. चव्वेचाळीस साली, मोठ्या लढाईत, अमेरिकन शिपायांची एक तुकडी काही महिने छावणीत होती. त्यांचा सार्जंट डॉसन त्यांच्या देशात एका कॉलेजात फुटबॉलचा कोच होता. पण कसला फुटबॉल! चेंडू सोललेल्या नारळासारखा, आणि पोरं तो हातात घेऊन पळायची. बघायला आलेली फॅक्टरीची माणसं पोट धरून हसायची, की नाव फुटबॉल आणि पाय लावायला कोणी तयार नाही. तेव्हाचा तरुण नीलकंठ मात्र हसला नाही. त्याने पाहिलं, की डॉसन प्रत्येक चालीच्या आधी पोरांना रिंगणात घेतो, मातीत काडीने रेघा ओढतो, आणि ह्याने कुठं पळायचं, त्याने कोणाला अडवायचं, हे एकेकाला वाटून देतो. ज्याच्या हातात चेंडू नाही त्यालाही काम असतं. नीलकंठने ते उचललं, गोल चेंडूला लावलं, आणि त्यावरच पुढे एवढं नाव कमावलं.

आणि आणखी एक गोष्ट उचलली. ती त्यांनी आता पुन्हा सांगितली.

"त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, अक्का. त्यांच्या गावात त्याच्यासारखा पळणारा नव्हता. पण डॉसनने त्याला टीममध्ये घेतलं नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून. भाऊ घर सोडून गेला, पुन्हा त्याच्याशी बोलला नाही, तरी हा माणूस हलला नाही! ह्याला म्हणतात तत्त्व."

नेहमी गोष्ट इथे संपायची. अक्का 'धन्य हो' म्हणायच्या आणि सुपारी कातरायला घ्यायच्या. आज अनसूयेने विचारलं,

"त्यांनी ते तुम्हाला कधी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मॅच जिंकल्यावर, की अशीच गोष्ट निघाली म्हणून?"

नीलकंठराव आठवू लागले. वीस-एकवीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "तुकडी निघायच्या आदल्या दिवशी. बराकीच्या पायरीवर बसलो होतो. मला त्याची अर्धी इंग्रजी कळायची, अर्धी नाही."

"आणि सांगताना कसे होते ते?"

"कसा म्हणजे... बूट घालत होता. नाडी बांधायचा, सोडायचा. परत बांधायचा, परत सोडायचा. मी म्हटलंसुद्धा, साहेब, गाडी चुकेल..."

ते थांबले. समोर बसलेल्या प्रत्येकाला जे दिसलं होतं, ते आता त्यांनाही दिसलं. दूर देशी, लढाईच्या तोंडावर, एका परक्या पोराजवळ तो माणूस आपल्या भावाबद्दल बोलत होता. शाबासकीसाठी नव्हे. आणि ह्या पोराने ऐकलं ते असं, की अशानेच माणूस मोठा होतो.

"मला वाटलं," नीलकंठराव म्हणाले, "तो अभिमानाने सांगतो आहे."

स्वयंपाकघराच्या दारात हेमलता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली. श्रीरंग तिला थांबवायला म्हणून उठला, पण ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती सरळ नीलकंठरावांसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली.

तीन वर्षांत पहिल्यांदा. अक्कांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"भाऊजी, एक दिला मी. तुमच्या नियमाला दिला. तेव्हा तुमच्या दाराशी भांडायला आले नाही, कारण हे म्हणाले, दादाचं बरोबर आहे. आता हा एकच आहे. हा मला राहू द्या."

तिने हात जोडले नाहीत, पदरही पसरला नाही. नुसती उभी राहिली. नीलकंठरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी आपण हिचा चेहरा बघतो आहोत असं त्यांच्या मनात आलं. केस बरेच पिकले होते.

"शैलेंद्रचं नाव देतो," ते म्हणाले.

हेमलतेने मान हलवली. मग ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन आवाज न करता रडू लागली. अक्का सरकत सरकत तिच्यापाशी गेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "झालं ना आता, झालं. देवीने ऐकलं. उगी, उगी."

सगळं बरं झालं असं वाटण्याची ती वेळ होती. अनसूयेला तसं वाटलंही असतं. पण श्रीरंग उभाच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे होऊ शकत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दादा, मी ह्या घरात एकटा तुझ्या बाजूने उभा राहिलो. पोरगा गेला तरी म्हटलं, दादाचा नियम आहे, दादा स्वतःसाठीही वाकत नाही. ही माझ्याशी वर्षभर नीट बोलली नाही. मी सहन केलं. काहून, तर नियम मोठा आहे." त्याला श्वास पुरेना. "आज तू एका वाक्यात वाकलास. मग तेव्हा काहून नाही वाकलास? तो तर खेळत होता रे. ह्याला तर येतही नाही."

श्रीरंग चपलांपाशी आला.

"नको देऊस म्हणत नाही मी. दे. पण मला आता कोणाच्या बाजूने उभं राहायचं, ते सांग." असं म्हणून श्रीरंग पायात चपला सरकवून फाटकाबाहेर गेला. फार लांब गेला नाही. रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली पाठमोरा उभा राहिला.

हेमलतेने पदर बाजूला करून त्याच्याकडे पाहिलं. दादाची बाजू घेतली म्हणून ज्या नवऱ्यावर ती मनातून रागावली होती, त्याची तिला आज पहिल्यांदा दया आली. पण ती उठली नाही. मिळालेलं हातातून निसटेल, अशी तिला भीती वाटत होती.

*

दिवेलागणीच्या सुमाराला टीम आली. पहिल्या पाळीची पोरं सरळ आंघोळ करून, केसांना तेल लावून आली होती. देवीसमोर वाकून, प्रत्येकाने एकेक रुपया ठेवून ती अंगणात पंगतीला बसली. शैलेंद्र वाढायला लागला, तर पोरांनी त्याला हात धरून खाली बसवलं.

"अबे बैठ! रोज तो जाली बाँधता है, आज तो खा ले."

तो शालिग्रामच्या शेजारी बसला. व्हरांड्यातलं बोलणं त्याने अंगणातून ऐकलं होतं, शेवटपर्यंत. आधी त्याला इतका आनंद झाला की हातातली पट्टी त्याने उलटीच अंथरली. मग बाबांचं ते 'ह्याला तर येतही नाही' ऐकलं. आता ज्याच्या जागी आपलं नाव जाणार त्या शालिग्रामच्या पानाजवळ आपलं पान आहे, तर तिकडे मान वळवायची कशी, हे त्याला समजत नव्हतं.

"मुँह क्यों लटका है तेरा?" शालिग्रामने त्याला कोपराने ढोसलं. "तेरे तो घर का कोच है, बे! हम होते तो मूँछ पर ताव देते." आणि तो हसला. बारीक, काळासावळा, एका दाताचा कोपरा उडालेला. रत्नाकरसारखा मुळीच दिसत नव्हता.

हेमलता पोळ्यांचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होती. आज तिच्या पायांत बळ आलं होतं. 'लो बेटा, लो, शरमाना नहीं,' असं म्हणत ती वाढत होती.

"शालिग्राम का नाम तो पक्का है," समोरच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"पक्का तो मास्टरजी के बोलने से होता है," शालिग्राम म्हणाला. "नहीं आया तो अपना क्या? अपन सीधे ओमती. भर्ती वालों ने सीना नाप लिया है मेरा, पास हूँ. फ़ौज में भी फुटबॉल होता है, भाई. चाची, एक और देंगी? घी वाली?"

हेमलता त्याच्यासमोर थांबली होती.

"माँ को बताया है?" तिने विचारलं.

"माँ को कौन बताता है, चाची!" तो तोंडातला घास गिळत म्हणाला. "रोने बैठ जाएगी. जाने के बाद भैया बता देगा."

हेमलतेने त्याला एक पोळी वाढली. वर तूप वाढलं. मग आणखी एक वाढली. तो 'बस, चाची, बस' म्हणत दोन्ही हात पानावर आडवे धरत होता, आणि ती त्याच्या हातांवरून तिसरी पोळी पानात ठेवत होती. पोरं हसू लागली. शैलेंद्र हसला नाही. त्याने आईकडे पाहिलं, आणि आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

अंगणाच्या कडेला, पाण्याची बादली हातात धरून उभ्या असलेल्या नीलकंठरावांनीही ते ऐकलं होतं.

पोरं हात धुवायला उठली तेव्हा हेमलता मागच्या नळावर रिकामं ताट विसळत होती. नीलकंठराव तिथे आले. नळ बंद करून ती उभी राहिली.

"ऐकलंस? अकरावा हाच होता," ते म्हणाले.

"ऐकलं."

नीलकंठराव थांबले. त्यांना वाटत होतं, ती काही म्हणेल. सकाळपर्यंत तरी वाट पाहू म्हणेल, देवीला कौल लावू म्हणेल, नाहीतर नुसती रडेल. एका शब्दाने ती त्यांना सोडवू शकत होती, आणि तो शब्द स्वतः म्हणायची त्यांची छाती नव्हती. तेवढी लायकी त्यांनी पाच वर्षांपूर्वीच गमावली होती.

"तू म्हणालीस तर..." ते म्हणाले.

"मी नाही म्हणणार, भाऊजी."

अंगणात पोरांचा गलका चालला होता. कोणीतरी कोणाच्या अंगावर पाणी उडवलं होतं.

"मला कळतं मी काय करून राहिले ते," हेमलता हळू म्हणाली. "त्याच्या आईचं तोंड मी पाहिलं नाही, पण मला ठाऊक आहे ते कसं होणार. माझ्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार? तरी मी नाही म्हणणार. मोठ्या मनाची माणसं दुसरी असतात. तुम्ही शब्द दिला आहे."

"दिला आहे."

"मग झालं."

"सोमवारी नाव देईन," नीलकंठराव म्हणाले. "त्यानंतर ग्राउंडवर जाणार नाही. आणखी कोणाला तरी बघू दे आता. मला नाही त्या पोरांपुढे उभं राहता यायचं."

हेमलतेने ताट पदराने पुसलं. जाता जाता वळून म्हणाली, "त्याच्या आईसाठी डबा भरून देते. घेऊन जाईल तो."

पोरं गेली. श्रीरंग परत आला होता. हेमलतेने त्याचं पान वाढलं, तो मुकाट्याने जेवला. शैलेंद्र पट्ट्या गुंडाळत होता. आरतीसाठी अक्कांनी सगळ्यांना हाका मारल्या.

नीलकंठराव स्वयंपाकघराच्या दाराशी आले. अनसूया आत पुरणाचे दिवे ताटात मांडत होती. दिवसभर तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आरती झाल्यावरच ती पानावर बसायची. तिने मान वर करून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"नळावर हेमलता काय म्हणत होती?" तिने विचारलं.

ते तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. रत्नाकरच्या वेळीसुद्धा नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "पुरण संपलं का, विचारत होती."

अनसूयेच्या पुढ्यात पुरणाचं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. तिने त्यावर झाकण ठेवलं, आणि आरतीचं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं.